‘मॅडम, तुम्हाला कशाला विमा?’

‘तुम्ही ना ऑपरेशन करता, ना औषध देता. मग तुम्हाला कशाला हो विमा?’ राजारामपुरीतल्या माझ्या लॅबमध्ये हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. खरंय, पॅथॉलॉजिस्ट म्हणजे पडद्यामागची डॉक्टर. पण स्तनातल्या गाठीची स्लाइड बघून मी ‘साधी गाठ’ लिहिते की ‘कॅन्सर’, यावर त्या बाईचे पुढचे सगळे उपचार ठरतात. नमुन्याच्या बाटलीवर नाव चुकलं, तरी एकीचा रिपोर्ट दुसरीच्या हाती! आणि खाली सही माझी.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ग्राहक कायद्याखाली आणली. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं २०१७ मध्ये सांगितलं. सही आली, तशी जबाबदारीही आली. तपासणीची फी काहीशे रुपये, भरपाईचा दावा मात्र लाखांत! म्हणून हा विमा. आम्ही त्याला ‘इंडेम्निटी’ म्हणतो. भरपाईबरोबर वकिलाचा खर्चही त्यातून निघतो.

सर्जनच्या मानानं आमचा हप्ता कमी असतो. पण त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तपासण्यांवर जीएसटी नसल्यामुळे आम्हाला तो वळता करून घेता येत नाही. छोट्या लॅबला हे ओझं जाणवतंच. मग बाळंतपण, नवऱ्याची बदली, सासूबाईंचं आजारपण असं काही आलं, की सगळ्यात आधी कात्री लागते ती या हप्त्याला. ‘सध्या प्रॅक्टिस बंदच आहे, कशाला भरायचा?’

मैत्रिणींनो, खरी मेख इथंच आहे. या पॉलिसीत रिपोर्ट दिला त्या दिवशी विमा होता, एवढ्यावर भागत नाही. दावा येतो त्या दिवशीही ती चालू असावी लागते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, सबळ कारण असेल तर त्यानंतरही ती दाखल होऊ शकते. म्हणजे आज दिलेल्या रिपोर्टची नोटीस तुम्ही बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या असतानाही येऊ शकते. मध्ये खंड पडून नवी पॉलिसी घेतली, तर आधीच्या कामाचं संरक्षण सहसा जातं. वाचवलेला हप्ता असा फार महाग पडतो.

तेव्हा लॅब बंद ठेवलीत तरी नूतनीकरण चुकवू नका. कायमची बंद करणार असाल, तर नंतर येणाऱ्या दाव्यांचं काय, हे कंपनीला लेखी विचारा. पॉलिसीवरची ‘रेट्रोअॅक्टिव्ह डेट’ तपासा, कारण त्याआधीचं काम त्यात धरत नाहीत. टेक्निशियनची चूक धरली आहे का, हेही बघा. जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याला मात्र कुठलाच विमा वाचवत नाही.

घरच्या जमाखर्चात हा हप्ता लाइट बिलाच्या शेजारी लिहा. ‘पुढच्या वर्षी बघू’च्या यादीत नको!