मानेतली गाठ आणि खिशातली गोळी

बीदर जिल्ह्यात खटकचिंचोळी असो की भालकी, काखेत किंवा जांघेत ग्रंथी सुजली की घरातलं कुणीतरी सांगतं, ‘अवधाण आलंय, शेका.’ आठवड्यात ती उतरली नाही, की लगेच कर्करोगाची धास्ती. चालू असलेल्या गोळ्यांबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

गैरसमज : औषधानं गाठी येत नाहीत.
वस्तुस्थिती : फिटवरच्या फेनिटॉइननं काहींच्या मानेतल्या लसिकाग्रंथी सुजतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कधी लिम्फोमासारख्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगासारख्या दिसतात. औषध बदललं की बहुधा ओसरतात. पण फिटची गोळी मनानं बंद करू नका; लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकतं. गाठीबरोबर ताप, पुरळ, चेहऱ्यावर सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गैरसमज : गाठ दुखते म्हणून वेदनाशामक घेतलं, तरी पित्ताची गोळी सोबत असली की ते बाधत नाही.
वस्तुस्थिती : पॅन्टोप्राझोल जठराला जपतं, लहान आतड्याला नाही. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सतत घेतल्या तर तिथं व्रण पडतात, नकळत रक्त जातं आणि अशक्तपणा येतो.

गैरसमज : सोनोग्राफीत पोटात गाठी दिसल्या म्हणजे टीबीच.
वस्तुस्थिती : धडधाकट मुलांच्या पोटातही लहान ग्रंथी दिसतात. आतड्याचा संसर्ग, सीलिएक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं) किंवा क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळचा दाह) या आजारांतही त्या वाढतात. क्रोन्स आणि आतड्याचा टीबी फसवे जुळे आहेत : टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकतो. म्हणून औषधाआधी दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणं महत्त्वाचं. क्रोन्सवरच्या ॲझाथायोप्रिननं लिम्फोमाचा धोका थोडा वाढतो. ते घेताना नवी गाठ आली तर डॉक्टरांना दाखवा.

गैरसमज : टीबीचं औषध चालू असताना गाठ वाढली, म्हणजे ते लागू पडत नाही.
वस्तुस्थिती : मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीर उसळतं, त्यामुळेही गाठ तात्पुरती वाढते. डॉक्टरांना दाखवा, पण साधारण ६ महिन्यांचा कोर्स मध्येच सोडू नका.

दोन-चार आठवड्यांत न उतरणारी, टणक किंवा वाढती गाठ, सोबत ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन असेल तर भालकीचा सरकारी दवाखाना किंवा बीदरचं ब्रिम्स रुग्णालय गाठा. जाताना मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि झाडपाल्याच्या पुड्याही सोबत न्या. निम्मं निदान त्यांतूनच होऊ शकतं.