अ‍ॅन फॅनशॉची वही आणि न लिहिलेले मीठ

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत बर्फ पडला की घरोघरी त्याचे आइस्क्रीम होते. पातेलेभर ताजा भुसभुशीत बर्फ, त्यात थंड दूध किंवा कन्डेन्स्ड मिल्क, साखर, चार थेंब व्हॅनिला. भराभर कालवायचे आणि वितळायच्या आत संपवायचे. या पदार्थाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आइस्क्रीमचा इतिहास त्याच्यापासून सुरू करण्याच्या सवयीबद्दल. नीरोने डोंगरावरचा बर्फ आणवला, मार्को पोलोने चीनहून कृती आणली, कॅथरीन द मेदिचीने ती फ्रान्सला नेली, ही साखळी पुस्तकापुस्तकांतून फिरत असते. पोलो आणि मेदिची या कड्यांना समकालीन पुरावा नाही, आणि नीरोची कडी खरी मानली तरी ती आइस्क्रीमपर्यंत पोहोचत नाही. बर्फ गोड करून खाणे फार जुने आहे. इ.स. १०००च्या सुमारास जपानच्या राजदरबारातली सेई शोनागोन नव्या धातूच्या वाटीतल्या, वेलीचा गोड रस घातलेल्या किसलेल्या बर्फाची नोंद करते. तुर्कस्तानातल्या तोरोस डोंगरांत बर्फावर द्राक्षाची काकवी घालून खातात. पण हे सारे आपल्या बर्फाच्या गोळ्याचे भाऊबंद. आइस्क्रीम जन्मले ते बर्फ भांड्यातून बाहेर गेला आणि त्याला मीठ लागले तेव्हा, असे माझे म्हणणे आहे.

कारण साधे आहे. ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते आणि त्याचे स्फटिक बारीक असतात, म्हणून गोड दूध त्यात चटकन भिनते. साखरेमुळे थोडा बर्फ वितळतो, वितळताना उष्णता ओढून घेतो आणि मिश्रण शून्याच्या किंचित खाली जाते. तरीही दूध असे गोठत नाही. बर्फाचे कण दुधाने भिजतात, इतकेच. साखर घातलेले क्रीम गोठायला शून्याखाली दोन-तीन अंश तरी लागतात आणि वितळता बर्फ शून्यावरच अडून बसतो. क्रीमचा डबा नुसत्या बर्फात रात्रभर पुरला तरी ते गारढोण होईल, घट्ट होणार नाही. त्याच बर्फाच्या तीन भागांत एक भाग मीठ मिसळा, पारा उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो.

लंडनच्या वेलकम संग्रहातली एक हस्तलिखित वही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ती लेडी अ‍ॅन फॅनशॉची. तिचा नवरा सर रिचर्ड हा दुसऱ्या चार्ल्सचा स्पेनमधला राजदूत. १६६६ मध्ये तो माद्रिदलाच वारला. १६५१ मध्ये सुरू झालेल्या या वहीत औषधे आहेत, मुरांबे आहेत, आणि एका पानावर चॉकलेट करायच्या भांड्याचे रेखाटन आहे, माद्रिद आणि १६६५ साल घातलेले. त्या काळच्या माद्रिदला ग्वादारामा डोंगरातला बर्फ येई, खास खोदलेल्या विहिरींत साठवला जाई आणि विकला जाई. याच वहीत बर्फाळ क्रीमची कृती आहे. इंग्रजीतली ती बहुधा सर्वांत जुनी. तीन पाइंट उत्तम क्रीम जावित्री घालून उकळायचे, किंवा त्याला संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा नाहीतर अंबराचा वास द्यायचा. साखर घालून पूर्ण निवू द्यायचे. मग चांदीच्या किंवा कथलाच्या डब्यांत भरायचे, बर्फ फोडून टबात घालायचा, डबे त्यात पूर्ण झाकून दोन तास ठेवायचे. झाले की तबकात काढून वाढायचे. जावित्रीपासून तबकापर्यंत सगळे आहे, फक्त मीठ नाही.

यावर कोणी म्हणेल, मीठ गृहीतच असेल. आपली आजीसुद्धा ‘फोडणी करावी’ एवढेच सांगते, तेल लिहीत नाही. हे मला पटत नाही. गृहीत तेच धरले जाते जे घरात रोज घडते, आणि १६६०च्या दशकात इंग्रजी घरात बर्फाला मीठ लावणे रोजचे नव्हते. १६७१ मध्ये विंडसरला झालेल्या गार्टर सरदारांच्या मेजवानीतही आइस्क्रीमचे ताट फक्त राजाच्या टेबलावर गेले होते. ज्ञान उपलब्ध नव्हते असेही नाही. १६६५ मध्येच रॉबर्ट बॉइलने थंडीवरचे आपले प्रयोग छापले आणि त्यांत बर्फ व मिठाचे मिश्रण पदोपदी येते. पण ते पुस्तक विद्वानांचे होते. फॅनशॉच्या कृतीत जे टेबलावरून आणि स्वयंपाकघराच्या दारातून दिसते ते सगळे आहे. टबाच्या तळाशी जे घडते तेच नाही. ही कृती पाहून किंवा ऐकून उतरवलेली आहे, करून पाहिलेली नाही, असाच निष्कर्ष मी काढते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मीठच का? थंडावा देणारा क्षार म्हणून मान सोऱ्याचा होता. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजल लिहितो की एक शेर पाण्याची सुरई, अडीच शेर सोरा आणि पाच शेर पाण्याच्या मिश्रणात पाव तास फिरवली की पाणी गार होते. पुढे दरबार पंजाबात आल्यावर लाहोरला उत्तरेच्या डोंगरांतून बर्फही येऊ लागला, दहा होड्या त्या कामावर असत. इटलीत देल्ला पोर्ता १५८९च्या आपल्या ग्रंथात बर्फ आणि सोरा घेऊन दारू गोठवतो. सोरा पाण्यात विरघळताना खरोखर थंडावा देतो. अकबराच्या आबदारखान्याचे गणित बिनचूक होते. मात्र बर्फात घातल्यावर शुद्ध सोरा उणे तीन अंशांच्या आसपास थांबतो, म्हणजे गोड क्रीम जेमतेम उंबरठ्यावर येते. कच्च्या सोऱ्यात साधे मीठ मिसळलेले असे. जुन्या प्रयोगांच्या यशात त्याचाही वाटा असणार. दारूगोळ्याला लागणाऱ्या महागड्या क्षाराने नाव कमावले आणि काम समुद्राच्या मिठाने केले.

ते मीठ इंग्रजी पुस्तकात ठसठशीतपणे येते १७१८ मध्ये, मेरी ईल्सच्या मिठाईच्या पुस्तकात. सहा डब्यांना अठरा-वीस पौंड बर्फ, पौंडभर जाडे मीठ, बादलीच्या तळाशी पेंढा, डबे एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये बर्फ, आणि चार तास उजेड न येणाऱ्या तळघरात. पेंढ्यापर्यंतचा हा तपशील हात गारठलेल्या बाईचाच आहे. मीठ मला थोडे कमी वाटते, पण क्रीम गोठायला पुरेसे आहे. न ढवळल्यामुळे तिच्या क्रीममध्ये खडे राहत असणार. तो प्रश्न १८४३ मध्ये फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सनने दांडा फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेऊन सोडवला. आपल्याकडच्या लाकडी बादलीच्या पॉटमध्ये तोच दांडा आहे, आणि बाहेर बर्फाचे थर देताना मुठीमुठीने टाकायचे खडेमीठ ईल्सबाईंचे.