नळ आला, नालीचे काय?

‘डॉक्टरसाहेब, आम्ही पाणी उकळूनच पितो,’ असे संग्रामपूर, जळगाव जामोदकडचे रुग्ण मोठ्या विश्वासाने सांगतात. सवय चांगलीच आहे. पण उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटले की क्षारांचे प्रमाण थोडे वाढतेच. तुरटीने गाळ खाली बसतो, खारेपणा मात्र तसाच राहतो.

पूर्णेच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथे जमिनीखालचे पाणीच खारे आहे. विहीर आणखी खोल केली म्हणजे गोडे पाणी लागेल, असे नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे अशा गावांचे औषध घरच्या पातेल्यात नाही, बाहेरून येणाऱ्या पाइपलाइनमध्ये आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, वारी भैरवगडजवळ वान नदीवर धरण आहे. त्याच्या पाण्यावर जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची योजना उभी राहिली, ती याच कारणाने.

मात्र नळ आला म्हणजे आजार संपले, असे समजू नये. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो. तो नालीतून गेलेला असेल आणि त्याचा जोड फुटका असेल, तर नालीतले पाणी आत शिरते. नळाला थेट मोटार लावली तर ही ओढ अधिकच वाढते. पुढच्या पाळीला तेच पाणी घरोघरी पोचते. एकाच गल्लीत काविळीचे, विषमज्वराचे किंवा हगवणीचे रुग्ण निघाले, तर आधी पाइप तपासावा.

दुसरा धोका साठवणीचा. पाणी आठ-दहा दिवसांनी येणार म्हटल्यावर टाकी, ड्रम, रांजण भरून ठेवावेच लागतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, उघड्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात.

गावाबाहेर नवी ले-आउट पडतात तेव्हा आधी प्लॉट विकले जातात, मग घरे होतात, मग नळ येतो. नाली सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा हवा. प्लॉट घेताना रस्त्याच्या रुंदीबरोबर दोन प्रश्न जरूर विचारा: नळाची लाइन कोठून येणार? सांडपाणी कोठे जाणार? दोन्ही एकाच चरातून जाणार असतील, तर ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत वेळीच हरकत घ्या.

घरी एवढे करा :

१) नळाचे सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका.

२) पिण्याच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब बाटलीवरील प्रमाणात टाका व अर्धा तास थांबा.

३) आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी करा, एरवी घट्ट झाका.

४) विहीर वा बोअरचे पाणी पीत असाल, तर शासकीय प्रयोगशाळेतून तपासून घ्या.