शरीराची चित्रं, भाग ७ : सीडीत मावतं, मेमरीत का मावत नाही?

गेल्या आठवड्यात डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या फाइलीत चित्रासोबत काय काय दडलेलं असतं ते पाहिलं. आज ती उघडतानाच अडते तेव्हाचं.

पाथरीतल्या एका दवाखान्यात बसलो होतो. मुतखड्याच्या पेशंटचा सीटी परभणीहून करून आणलेला; भावाने सीडी रुमालात गुंडाळून जपून आणली होती. इम्पोर्टची पट्टी निम्म्यावर आली आणि थांबली : ‘आउट ऑफ मेमरी’. डॉक्टर म्हणाले, “अहो, हार्ड डिस्क तर अर्धी रिकामी आहे!”

गल्लत इथेच होते. डिस्कवर फाइल नुसती पडून असते. पाहायची तर ती रॅममध्ये उलगडावी लागते. सीटीचा एक काप ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा, ठिपक्याला २ बाइट, म्हणजे काप अर्ध्या एमबीचा. एक मिलिमीटरचे ४५० काप धरले तर २२५ एमबी. फाइली दाबून साठवलेल्या असल्या, तर सीडीवर हाच आकडा बराच लहान दिसतो. पुढे ठिपक्यांची मूल्यं हौन्सफिल्ड एककांत (सीटीतल्या घनतेच्या मापात) बदलताना अनेक प्रोग्रॅम २ बाइटांचे ४ करतात : ४५० एमबी. त्रिमितीय चित्रासाठी आणखी प्रती लागतात. थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर तर डेटाच्या दहापट रॅम असावी असंच सुचवतं.

बरं, जागा नुसती असून भागत नाही, ती सलग लागते. अडतीच्या गोदामात कोपऱ्याकोपऱ्यात रिकामी जागा असते, पण सोयाबीनची अख्खी थप्पी लावायला एकही पट्टा मोकळा नसतो, तसं होतं. त्यात प्रोग्रॅम ३२-बिट असेल तर विंडोजवर त्याला एरवी २ जीबीच वापरता येते; रॅम वाढवून काही फरक पडत नाही. ६४-बिट आवृत्ती टाकावी लागते.

आमच्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम होती आणि ब्राउझर उघडा होता. तो बंद केला. सीडी डिस्कवर उतरवून घेतली. मग यादी नीट पाहिली, तर त्याच पोटाच्या चार सिरीज होत्या : जाड काप, पातळ काप, उभे छेद, आडवे छेद. प्रोग्रॅम चारही एकदम ओढत होता. एकच निवडली आणि चित्र उघडलं.

पण कोणती निवडायची? संगणकवाला ५ मिलिमीटरची घेईल, कारण ती हलकी. काही जण एकाआड एक काप गाळूनही काम भागवतात. हे मला अजिबात मान्य नाही. दोन मिलिमीटरचा खडा जाड कापात आजूबाजूच्या उतींशी मिसळून फिका पडतो. म्हणून माउस मी डॉक्टरांकडे दिला. त्यांनी पातळ सिरीज घेतली, फक्त मूत्रमार्गाचा भाग चौकटीत कापून ठेवला, आणि मूत्राशयाच्या तोंडाशी तो पांढरा ठिपका दिसला.

पुढच्या आठवड्यात : काप उलटसुलट क्रमाने का लागतात?