फातिमा म्हणजे ‘तेजस्वी’ नव्हे

मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं धर्माबाद तेलंगणाच्या वेशीवर आहे. मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तिन्ही भाषा इथे कानावर पडतात. अशा गावात फातिमा हे नाव नवलाचं नाही. नवल हे की, या नावाबद्दल ज्याला त्याला काहीतरी ठाऊक असतं आणि त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

पहिली गफलत अर्थाची. मोबाइलवर शोधलं की ‘तेजस्वी’, ‘चमकणारी’ असे अर्थ येतात. पण तेज आहे ते ‘झहरा’ या उपाधीत. पैगंबरांच्या कन्येला फातिमा झहरा म्हणतात, म्हणून उपाधीचा अर्थ नावाला चिकटला. फातिमा हा शब्द ज्या अरबी धातूवरून आला, त्याचा अर्थ बाळाला अंगावरच्या दुधापासून तोडणं. आपल्याकडच्या आयाबायाही ‘लेकराचं दूध तोडलं’ असंच म्हणतात. कुराणात स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षं सांगितली आहे. लहान मुलं दगावण्याच्या त्या काळात दूध तुटेपर्यंत जगलेलं मूल म्हणजे मोठा दिलासा असणार. मला तरी हा घरगुती अर्थ ‘तेजस्वी’पेक्षा जास्त भावतो. नरकाच्या आगीपासून तोडलेली, असा श्रद्धेचा अर्थही सांगितला जातो.

काहींना फातिमा आणि फातिहा एकच वाटतात. फातिहा म्हणजे आरंभ. कुराणाचा पहिला अध्याय. तिचं नातं आपल्या ‘फत्ते’शी आहे, फातिमाशी नाही.

हे नाव पैगंबरांच्या मुलीपासूनच सुरू झालं, हेही खरं नाही. तिच्या सासूचं, म्हणजे हजरत अलींच्या आईचं नावही फातिमाच होतं. आणि हे नाव कुराणात कुठेही आलेलं नाही. तिथे नावानिशी उल्लेख असलेली एकमेव स्त्री म्हणजे मरियम.

मग फातिमा या नावाला एवढा मान कशामुळे? तर पैगंबरांच्या मुलीच्या आयुष्यामुळे. खदीजा आणि पैगंबर यांची ती लेक, अलींची पत्नी, हसन-हुसेन यांची आई. वडिलांमागोमाग काही महिन्यांतच, इसवी सन ६३२ मध्ये, ती वारली. शिया पंथात तिचं स्थान फार वरचं. पण म्हणून हे नाव फक्त शियांचं ठरत नाही. सुन्नी घरांतही ते तितकंच रुळलेलं आहे. मोहरमात मराठवाड्यातल्या गावोगावी जे पंजे उठतात, त्यांच्या पाच बोटांत एक फातिमा मानली जाते. या पंजांना खांदा देणाऱ्यांत हिंदूही असतात. १९४८ पर्यंत धर्माबाद ज्या हैदराबाद संस्थानात होतं, त्याच्या राजधानीतला मोहरमातला ‘बीबी का अलम’ याच फातिमाच्या नावाचा.

नाव मुसलमानांचंच, ही समजूत तर गोव्यात पाऊल ठेवताच गळून पडते. तिथे कॅथलिक घरांत फातिमा सापडतात. कारण पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचं गाव आहे. अरबी अमलाच्या काळातली ही आठवण. तिथे १९१७ मध्ये तीन मुलांना मदर मेरीचं दर्शन झालं, असं भाविक मानतात. तेव्हापासून ‘फातिमा माता’ जगभरच्या चर्चमध्ये पोचली.

मराठी वाचकाला फातिमा म्हटलं की सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी फातिमा शेख आठवतात. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात ‘फातिमा’चा उल्लेख आहे, पण आडनावाशिवाय. ९ जानेवारी ही त्यांची म्हणून सांगितली जाणारी जन्मतारीख मात्र बरीच अलीकडची. तिला समकालीन कागदाचा ठोस आधार पुढे आलेला नाही. याचा अर्थ फातिमा नव्हतीच, असाही काढू नये. पत्र आहेच.

राहिला ‘बी’. फातिमाबीमधला ‘बी’ हा बीबीचा आखूड झालेला मान आहे, आपल्याकडच्या ‘बाई’सारखा. तो आडनाव नव्हे. मराठवाड्यात ‘शेख फातिमा शेख अमुक’ असं आडनाव आधी, मग नाव, मग वडील, असा क्रम चालतो. ऑनलाइन फॉर्मवर मात्र ‘शेख’ पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतो. म्हणून नावाचा क्रम, आणि फातिमा, फातेमा की फातिमाबी, हे जन्मदाखल्याच्या वेळीच ठरवावं आणि शाळेत, आधारवर तेच ठेवावं.