आळस नव्हे, आजार

आपल्यापैकी काही घरांत स्किझोफ्रेनिया झालेला मुलगा, बहीण किंवा भाचा आहे. बाहेर आपण त्याबद्दल फारसं बोलत नाही. कानात आवाज येतात, संशय येतो, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण रोजच्या संसारात वैताग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. शूकमधून कांदे, कोथिंबीर आणि पाव आणायला सांगावं, तर माणूस नुसते कांदे घेऊन परततो. मग आपण म्हणतो, आळशी आहे, ऐकतच नाही.

तसं नाही. ऐकलेली गोष्ट काम होईपर्यंत मनात धरून ठेवायची एक शक्ती असते, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. टेलिफोनचा नंबर फिरवेपर्यंत आपण तो मनात घोळवतो, ती हीच. लहानपणचं घर आठवणं हे वेगळं खातं.

हे काम बरंचसं कपाळामागच्या मेंदूत चालतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक यांनी माकडांवर प्रयोग केले. दिवा दाखवून विझवला, तरी तिथल्या काही पेशी उत्तर देण्याची वेळ येईपर्यंत जाग्या राहत. पेशी मध्येच मंदावल्या की माकड चुके.

१९७४ साली स्वीडनमध्ये इंग्वार आणि फ्रान्झेन यांनी रोग्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. पुढच्या भागात तो तुलनेने कमी दिसला. तेव्हापासून बरीच वर्षं हा भाग सुस्त आहे असंच धरून चालले. पुढे काम करत असतानाचा मेंदू एमआरआयवर पाहता आला, तेव्हा कोडं वाढलं. सोप्या कामाला रोग्याचा तो भाग कित्येकदा निरोगी माणसापेक्षा जास्त राबतो, आणि काम अवघड झालं की लवकर हात टेकतो. आपण चालत जातो तिथे त्याला धावावं लागतं. मग तो दमलेला दिसला तर नवल कसलं?

गोळ्यांनी आवाज कमी होतात, या स्मृतीला मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही. (म्हणून गोळ्या सोडाव्यात, असं कोणी समजू नये!) मेंदूच्या सरावाने काहींना थोडा गुण येतो, विशेषतः जोडीला नोकरीची मदत असली तर. इथे इस्राएलमध्ये २००० सालच्या कायद्याने 'सल शिकूम' मिळतो. वय १८ च्या पुढे आणि मानसिक आजारामुळे किमान ४० टक्के अपंगत्व ठरलेलं असलं, तर राहणं, काम, सोबत यांसाठी मदत मागता येते. कुपत-होलीममधल्या सोशल वर्करला जरूर विचारावं.

घरी एका वेळी एकच काम सांगावं. तीन असतील तर चिठ्ठी लिहून द्यावी, आणि मुलाला मराठी वाचता येत नसेल तर ती इव्रीतमध्ये.