घोयरा, पाळीव

सरीसृप वर्गाच्या कॅमेलिऑनिडी कुलातील, रंग बदलणाऱ्या वृक्षवासी सरड्यास घोयरा किंवा शॅमेलिऑन म्हणतात. या कुलात २०० हून अधिक जाती असून त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मादागास्कर बेटावर आढळतात. भारतात कॅमेलिओ झेलॅनिकस ही एकच जाती असून ती द्वीपकल्पाच्या झाडीत सापडते. वांद्र्याच्या बागांत व कुंपणांवर दिसणारा आणि विणीच्या काळात गळा लाल होणारा सरडा म्हणजे घोयरा नव्हे. तो कॅलोटीस व्हर्सिकलर हा ॲगॅमिडी कुलातील निराळा प्राणी आहे. घोयरा विषारी असतो हा समज सर्वत्र प्रचलित असला, तरी त्यास कोणताही आधार नाही. या समजापायी मात्र पुष्कळ घोयरे मारले जातात.

भारतीय घोयरा पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तो संरक्षित असून त्यास पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. मुंबईतील हौशी लोकांच्या घरी जे घोयरे असतात ते परदेशी जातींचे. मुख्यतः येमेन व सौदी अरेबियातील शिरस्त्राणधारी घोयरा (कॅमेलिओ कॅलिप्ट्रेटस) आणि मादागास्करमधील चित्ता घोयरा (फर्सिफर पार्डॅलिस). या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. उपर्युक्त अधिनियमात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती आणि २०२४ चे नोंदणीविषयक नियम यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद करणे बंधनकारक असून त्याचे हस्तांतरण, प्रजनन व मृत्यू हेही कळवावे लागतात. कागदपत्रांविना मिळणारा स्वस्त प्राणी बहुधा चोरट्या मार्गाने आलेला असतो व प्रवासातील उपासमारीमुळे अर्धमेलाही असतो. तो न घेणे हेच योग्य.

निवारा : घोयरा जमिनीवर नव्हे तर फांद्यांवर जगतो. त्याच्या पायांची बोटे दोन व तीन अशा जुडग्यांत जुळलेली असून त्यांचा चिमट्यासारखा उपयोग होतो. शेपटीनेही तो फांदी धरतो. म्हणून पिंजऱ्याची लांबी नव्हे, उंची महत्त्वाची. प्रौढ नरास सु. ६० सेंमी. लांब, तितकाच रुंद व १२० सेंमी. उंच पिंजरा लागतो. तो जाळीचा असावा; माशांची काचपेटी अगदी गैरसोयीची. तीत हवा कोंडते, शिवाय काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब प्रतिस्पर्धी समजून प्राणी सतत भेदरलेला राहतो. याच कारणास्तव दोन घोयरे कधीही एकत्र ठेवू नयेत. आत आडव्या व तिरप्या, निरनिराळ्या जाडीच्या फांद्या आणि जास्वंदीसारखी जिवंत झाडे असावीत. शिरस्त्राणधारी घोयरा पानेही खातो. त्यामुळे कण्हेर वा रुई यांसारखी विषारी झाडे टाळावीत. पिंजरा माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा अधिक उंच ठेवल्यास प्राणी शांत राहतो, कारण त्याचे शत्रू बहुधा वरूनच येतात. वांद्र्याच्या सज्जात कावळे, घारी व मांजरे यांची भीती असते, म्हणून तेथे तो उघड्यावर ठेवू नये.

उष्णता व प्रकाश : पिंजऱ्याच्या वरच्या टोकास, उन्हात बसण्याजोग्या जागी, दिवसा २९°–३२° से. तापमान असावे; इतरत्र २२°–२७° से. पुरते. रात्री ते आणखी उतरावे लागते, आणि समुद्रकाठच्या वांद्र्यात खरी अडचण येथेच येते. मे महिन्यात रात्रीचे तापमान २७° से.च्या आसपास राहते. वातानुकूलन यंत्राने ते उतरवता येते, पण त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर आल्यास हवा कोरडी पडून प्राणी आजारी होतो. यंत्र खोलीच्या दुसऱ्या टोकास असावे. जंबुपार किरण देणारी नळी दिवसाचे सु. १२ तास लावावी व ६ ते १२ महिन्यांनी बदलावी, कारण दृश्य प्रकाश कायम असतानाही तिचे जंबुपार किरण क्षीण होतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी असते. काच हे किरण अडवते. त्यांच्याविना शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही, हाडे मऊ पडून पाय वाकतात व अखेर प्राण्यास फांदी धरवत नाही. पाळलेल्या घोयऱ्यांचा हाच सर्वाधिक आढळणारा विकार होय.

पाणी : घोयरा भांड्यातील साचलेले पाणी सहसा ओळखत नाही, पानांवरील थेंब चाटतो. दिवसातून दोन-तीनदा फवारा मारावा किंवा थेंबथेंब पाणी पडण्याची सोय करावी. जून ते सप्टेंबरमध्ये हवा आधीच दमट असल्याने फवारे कमी करून पिंजरा रोज वाळू द्यावा, नाहीतर बुरशी येते व फुप्फुसाचा विकार जडतो. विष्ठेसोबतचा पांढरा भाग पिवळा-नारिंगी दिसल्यास किंवा डोळे खोल गेल्यास पाणी कमी पडते असे समजावे.

आहार : रातकिडे, टोळ व पैदास केलेली झुरळे हे मुख्य अन्न होय. किड्यांना आधी एक दिवस भाजीपाला खाऊ घालून, त्यांवर फॉस्फरसरहित कॅल्शियमची भुकटी भुरभुरून ते द्यावेत. स्वयंपाकघरातील झुरळे कदापि देऊ नयेत, कारण त्यांच्या अंगी कीटकनाशक असण्याचा संभव असतो. पिंजऱ्याच्या खोलीत डासांची उदबत्तीही लावू नये. पिलास रोज, प्रौढास एक दिवसाआड खाणे पुरते.

मादीस नराशी संयोग न होताही अंडी होतात. शिरस्त्राणधारी मादी एका वेळी २० ते ७० अंडी घालते. ती पुरण्यासाठी सु. ३० सेंमी. खोल ओलसर वाळू-मातीची पेटी नसल्यास अंडी पोटात अडकून ती मरते. अनेक पाळणाऱ्यांना हे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

रंगबदल भोवतालात मिसळण्यासाठी होतो ही समजूत बरीचशी चुकीची आहे. तो मुख्यतः तापमान व मनःस्थिती यांमुळे होतो. त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलून रंग पालटतात, असे चित्ता घोयऱ्यावरील २०१५ मधील संशोधनात दिसून आले. हाताळताना गडद होणारा, तोंड वासून फुसफुसणारा घोयरा घाबरलेला असतो. तो लळा लावणारा प्राणी नाही, पाहण्याचा आहे. चांगल्या निगेत तो ५ ते ७ वर्षे जगतो. मादी बहुधा त्याहून कमी.

नकोसा झालेला घोयरा झाडीत सोडून देऊ नये. हवाई बेटांवर १९७२ मध्ये आणलेले जॅक्सनचे घोयरे मोकळे सुटून तेथे रुजले व स्थानिक कीटक आणि गोगलगाई खाऊ लागले. शिरस्त्राणधारी घोयराही फ्लॉरिडात व हवाईत असाच पसरला. असा प्राणी, किंवा जखमी भारतीय घोयरा सापडल्यास तोही, वनविभागाच्या स्वाधीन करावा. सरीसृपांची माहिती असलेले पशुवैद्य थोडेच असल्याने, प्राणी घरी आणण्यापूर्वीच असा पशुवैद्य शोधून ठेवावा. परळ येथे १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने चौकशी तेथून सुरू करता येते.